चिऊची उंची १०४ सेंटिमीटर

भाऊबीजेला माहेरी गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. ३ नोव्हेंबर २०२४. माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावला शहापुरात. भावाची दोन्ही मुलं मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला, म्हणजे मोठमोठ्या पाळण्यांच्या पार्कला, जाऊन आली होती आणि सहा महिने उलटले तरी त्यांच्या तोंडचे पाळणे थांबले नव्हते. आमची चिऊ, तेव्हा पाच वर्षांना अडीच महिने कमी, हातातली करंजी तशीच धरून ऐकत बसलेली. परतीच्या एसटीत शिनोळी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "आई, आपण गरीब आहोत?"

"नाही गं."

"मग आपण का जात नाही?"

नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. गरीब नाही, खरं कुठे जायचं म्हटलं की आधी भिशीची वही काढून बघावी लागते. गल्लीतल्या भिशीत माझा नंबर जानेवारीत होता, १२,००० रुपये. तेवढ्यात बसलं तर जायचं, नाहीतर नाही, असं त्याच रात्री ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात गोवा होऊन येतंय." ते खरंच आहे. खरं चिऊला समुद्र नको होता, तिला पाळणे हवे होते.

पहिला प्रश्न, वर जायचं की खाली. आम्हा सीमाभागातल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत हे दोन रस्ते असतात. वर म्हणजे पुण्याकडे इमॅजिका, २०१३ पासून सुरू असलेलं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत. खाली म्हणजे बेंगळूरजवळ बिडदीचं वंडरला, तसंच पाळण्यांचं पार्क, २००५ पासूनचं, म्हैसूर रस्त्यावर २८व्या किलोमीटरला. नवऱ्याचं मत पुण्याकडे झुकत होतं, कारण पुण्यात त्याचे चुलतभाऊ आहेत, मुक्काम फुकट. आता नातेवाइकांकडचा मुक्काम कधी फुकट असतो का? कुंद्याचे चार डबे, पोरांना कपडे, आणि निघताना "तुम्ही पण चला की" म्हणणं आलं. ते नको म्हणणार नाहीत. सात माणसांची तिकिटं झाली असती. शिवाय पुण्याहून खोपोलीला पुन्हा वेगळा प्रवास. बेंगळूरला रात्री गाडीत बसलं की सकाळी उतरता येतं, आणि मुक्काम करायचाच नाही असं ठरवलं तर लॉजचा खर्च वाचतो. रात्री जायचं, दिवसभर खेळायचं, रात्री परत. कागदावर हे फार सोपं दिसतं.

धाकटी नणंद प्राजक्ता बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला सोबत घ्यायचं ठरवलं. यामागे प्रेमाइतकाच हिशोबही होता. लहान मूल असलं की मोठ्या पाळण्यावर आईबाप एकत्र बसू शकत नाहीत. तिसरं माणूस असलं की कुणीतरी दोघं बसतात, एक जण पोर धरतं. वर कॉलेजच्या ओळखपत्रावर तिला तिकिटात सवलत.

मग नवरा म्हणाला, "बेंगळूरच बरं. तिकडच्या बसा तुला आणि प्राजूला फुकट."

"मला कुठलं फुकट?"

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे. सरकारी साध्या बसमधून बायकांना तिकीट लागत नाही, एसी, स्लीपर, राजहंस असल्या महागड्या बसा सोडून. अट एकच, ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून बेळगावात सून म्हणून आलेल्या किती तरी जणींचं आधार अजून माहेरच्या पत्त्याचं आहे. माहेर सव्वा तासावर, मधे राज्याची हद्द. माझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि दीड वर्ष मी शहापूर ते बसस्टँड तिकीट काढून जात होते. शेजारच्या बाया कंडक्टरकडून शून्याचं तिकीट घ्यायच्या आणि मी पर्स उघडायची. आळस, दुसरं काय.

तर वंडरलाच्या तयारीतलं माझं पहिलं काम निघालं आधारवरचा पत्ता बदलणं.

आता घरबसल्या होतं हे. नवऱ्याला कुटुंबप्रमुख दाखवून त्याच्या आधारवरचा पत्ता आपल्याला लावून घेता येतो, ही सोय २०२३ पासून आहे. फी तेव्हा ५० रुपये होती, ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाली. संकेतस्थळावर आपल्या आधार क्रमांकाने आत शिरायचं, त्यासाठी ओटीपी येतो, आणि तो येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. माझ्या आधारला जोडलेला नंबर माहेरच्या आबांचा. आबा काजूच्या बागेत, तिथे रेंज नाही. १४ नोव्हेंबरला सकाळपासून मी फोन लावत होते. दुपारी ते घरी जेवायला आले तेव्हा वहिनीने फोन धरला आणि आकडे वाचून दाखवले, त्यातही एक आकडा उलटा. तिसऱ्या खेपेला आत शिरले. (नंबर बदलायला तेव्हा मला आधार केंद्रावर जावं लागलं. मी ते नंतर केलं. तुम्ही आधी करा.)

नवराबायको असल्याचा पुरावा म्हणून मी रेशनकार्ड जोडलं. २७ नोव्हेंबरला अर्ज नामंजूर. चूक माझीच होती, आधारवर माझं नाव माहेरचं आणि रेशनकार्डावर सासरचं. ती एकच बाई आहे हे त्यांना कसं कळावं? विवाह नोंदणीचा दाखला असता तर काम झालं असतं, खरं आमचा काढायचाच राहिलाय. मग कळलं की असा कुठलाच कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात स्वयंघोषणापत्र द्यायचं असतं. तो नमुना प्रिंट काढून आणला, नवऱ्याने सही केली, २ डिसेंबरला पुन्हा ५० रुपये भरून पाठवला. यानंतर कुटुंबप्रमुखाला मेसेज जातो आणि त्याने ३० दिवसांत आपल्या लॉगिनमधून 'मान्य' म्हणायचं असतं. आमच्या कुटुंबप्रमुखांनी तो मेसेज कर्जाच्या जाहिरातींत ढकलून दिला होता. नवव्या दिवशी मी विचारलं तेव्हा सापडला. २३ डिसेंबरला पत्ता बदलून आला. मग आणखी ५० भरून प्लॅस्टिकचं कार्ड मागवलं, ते पोस्टाने घरी आलं.

त्या कार्डावर शहापूरचा पत्ता पाहून मला जरा कसंतरीच झालं. सात वर्षं इथे राहतेय, खरं कागदावर मी चंदगडचीच होते ना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आता खरी गेलीस बघ." आणि हसली.

रेल्वेचं बुकिंग यात अडकलं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. आम्हाला जायचं होतं सोमवारी १० फेब्रुवारीला रात्री, म्हणजे १२ डिसेंबरला सकाळी ८ वाजता. मंगळवार मुद्दाम निवडला, कारण शनिवार-रविवारी तिकीट महाग आणि गर्दी जास्त. चिऊच्या शाळेची एक दिवसाची दांडी चालण्यासारखी होती. नवऱ्याने दोन सुट्ट्या आधीच सांगून ठेवल्या. १२ तारखेला मी ८ वाजता फोन घेऊन बसले आणि रात्री नऊच्या सुमारास बेळगावातूनच सुटणाऱ्या बेंगळूर गाडीची स्लीपरची तिकिटं मिळाली. माझं नाव आधारवर जसं आहे तसंच, माहेरचं टाकलं. तपासनीस ओळखपत्राशीच ताडून बघणार.

चिऊचा प्रश्न इथे पहिल्यांदा आला. रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. ५ पूर्ण ते १२ च्या आत असेल तर बर्थ नको म्हटलं तर अर्धं, बर्थ हवा तर पूर्ण. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. चिऊला २० जानेवारीला ५ पूर्ण होत होती, म्हणजे आमच्या प्रवासाच्या २१ दिवस आधी. नवरा म्हणाला, "महिनाभर अलीकडे जाऊया." खरं भिशी जानेवारीच्या मध्याला, म्हणजे ते जमणार नव्हतं, आणि चिऊला पाचवी मेणबत्ती विझवल्यावर चार वर्षांची आहे म्हणायला लावायचं मला पटत नव्हतं. बर्थ न घेता अर्धं काढलं. चौघांचे मिळून साडेतेराशेच्या आसपास.

आणि इथे माझी मोठी चूक. परतीची गाडी, राणी चन्नम्मा, ११ फेब्रुवारीची. तिचं आरक्षण उघडतं १३ डिसेंबरला. एक दिवस उशिरा, कारण प्रवासच एक दिवस उशिरा. मी १२ला बघितलं, उघडलं नव्हतं, उद्या करू म्हटलं. उद्या मावसबहिणीची हळद होती. नंतर लग्नाच्या ब्लाऊजांचा ढीग. आठवण झाली ती ९ जानेवारीला, आणि तोवर प्रतीक्षायादी. घेतली तशीच. होईल कन्फर्म, एक महिना आहे, असं म्हणून.

वंडरलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. ८५ सेंटिमीटरखाली फुकट, ८५ ते १४० लहान मुलांचं तिकीट, त्यावर मोठ्यांचं. आतले पाळणेही उंचीवरच. म्हणून एका रविवारी चिऊला चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने रेघ मारली. १०४. तिने विचारलं, "हे जास्त आहे की कमी?" काय सांगणार? तिकिटाला जास्त, पाळण्याला कमी. बेंगळूरच्या मेट्रोतही तसंच, ३ फुटांखाली तिकीट नाही, म्हणजे ९१ सेंटिमीटर. बसला मात्र पुन्हा वय, ६ वर्षांपर्यंत तिकीट नाही. एकच पोर, रेल्वेला अर्धी, मेट्रोला पूर्ण, बसला शून्य. माझ्या मते पैसे भरायच्या आधी घरी करायचं एकमेव काम म्हणजे हेच. अनवाणी उंची आणि प्रवासाच्या तारखेचं वय, दोन्ही कागदावर लिहून घ्या आणि कागद पर्समध्ये ठेवा. संकेतस्थळावर प्रत्येक पाळण्याची उंचीची अट असते. मी तीही वाचली आणि चिऊला निघायच्या आधीच सांगून ठेवलं की मोठे पाळणे आत्याचे, छोटे तुझे. तिने मान हलवली. मान हलवणं आणि समजणं वेगळं, ते पुढे येईल.

तिकिटं आठवडाभर आधी ऑनलाइन काढली. आगाऊ काढली की काही टक्के कमी होतात, खरं दोन सवलती एकत्र लागत नाहीत. प्राजूला विद्यार्थ्यांची घेतली, आम्हा तिघांना आगाऊची. शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी जोडून रक्कम येते, म्हणून पहिल्या पानावरच्या आकड्याला भुलू नका. चौघांचे पाच हजारांना चाळीस कमी. कॉलेजचं ओळखपत्र मूळ न्या, मोबाइलमधला फोटो नको.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. तिथे विकत मिळतात, खरं खडेबाजारात घेतले तर निम्म्यात येतात. चिऊचा २५० ला, माझा पूर्ण बाह्यांचा ४५० ला, नवऱ्याची चड्डी २०० ला. दुकानदाराने विचारलं, "गोवा जायलाय काय?" मी होय म्हटलं. एवढं कोण सांगत बसणार!

१० फेब्रुवारी. प्रवास चांगला झाला, म्हणजे चिऊ झोपली आणि मी नाही. लोअर बर्थवर आम्ही दोघी, तिचे पाय माझ्या पोटात. हुबळी गेल्यावर कधीतरी डोळा लागला. सकाळी उतरलो तेव्हा नवऱ्याने फलाटावरची पाटी वाचली आणि म्हणाला, "एवढ्या लांब येऊन पण आपलाच जिल्हा." बेंगळूरचं स्टेशन क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या नावाचं, आणि ते संगोळ्ळी आमच्या बैलहोंगल तालुक्यातलं. परतीची गाडी कित्तूरच्या राणीच्या नावाची. तीही आमचीच. मग मला जरा धीर आला.

धीर पाऊण तास टिकला. मी एका अॅपवरून स्टेशनजवळ अंघोळ-कपड्यांपुरती चार तासांची खोली ६०० रुपयांत घेतली होती. लॉजवाला म्हणाला, आज त्या भावात नाही, १५०० होतील. कारण विचारलं तर म्हणाला, "एअर शो." मला ठाऊकच नव्हतं, येलहंक्याला १० ते १४ फेब्रुवारी एअरो इंडिया होतं. सगळ्या शहरात खोल्यांचे भाव चढलेले. आता मोठ्या शहरात जायच्या आधी मी तिथे त्या आठवड्यात काय आहे ते बघते. भांडायला माझं कन्नड बाजारापुरतं. 'एष्टु' (किती), 'साकु' (पुरे) आणि 'बेड' (नको) एवढ्यावर भांडण होत नाही. प्राजूला चांगलं येतं, तिने पाच मिनिटं हुज्जत घातली. काही उपयोग झाला नाही. पैसे अॅपवाल्यांकडून परत मिळाले, नवव्या दिवशी. आम्ही परत स्टेशनावर आलो आणि पैसे भरून बसायच्या प्रतीक्षागृहात आळीपाळीने अंघोळी उरकल्या. सव्वाशेच्या आत काम झालं. खरं सांगते, खोलीपेक्षा ते बरं होतं. पुढच्या वेळी मी लॉज बघणारच नाही.

मेट्रोच्या खिडकीवर पाटी वाचून चिऊ स्वतःच पाटीला पाठ लावून उभी राहिली. उंच भरली. माणशी ६० रुपये. दोनच दिवस आधी, ९ फेब्रुवारीला, मेट्रोचं भाडं वाढलं होतं, कमाल ६० चं ९० झालं होतं. साधी बस घेतली असती तर फक्त नवऱ्याचं तिकीट लागलं असतं. खरं चिऊने मेट्रो कधी पाहिली नव्हती आणि आपोआप उघडणाऱ्या दाराला ती प्रत्येक स्टेशनावर नमस्कार करत होती. २४० रुपये गेले, जाऊ देत. चल्लघट्टाकडच्या जांभळ्या मार्गाने केंगेरीला उतरलो. तिथून साध्या बसमध्ये मी पहिल्यांदा परक्या गावात शून्याचं तिकीट घेतलं. कंडक्टरने कार्ड बघितलं, "बेळगावी?" एवढंच म्हणाला आणि कागद फाडला. मी तो अजून ठेवलाय.

वाटेत तट्टे इडली खाऊन घ्या. बिडदीची ही इडली प्रसिद्ध आहे, ताटलीएवढी सपाट, वर लोण्याचा गोळा. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही, तान्ह्या बाळाचं सोडून, म्हणून पोट इथेच भरायचं. चिऊने एक पूर्ण खाल्ली, जी घरी अर्ध्या इडलीला अर्धा तास लावते. रस्त्यावरून आत रिक्षाने गेलो, १०० रुपये. साडेदहाला दारात. अकराला उघडतं. आमच्या पुढे म्हैसूरच्या कुठल्याशा शाळेची सहल होती, म्हणजे मंगळवारची रिकामी जागा हे माझं गणित अर्धंच खरं ठरलं. फेब्रुवारीत शाळांच्या सहली असतात हे मी, एका शाळेत जाणाऱ्या मुलीची आई, कशी विसरले?

आत गेल्यावर पहिल्याच वळणावर रिकॉइल दिसला. उलटासुलटा धावणारा मोठा पाळणा, माणसं ओरडत येतात आणि ओरडत मागे जातात. चिऊ थेट रांगेकडे पळाली. तिथे उंचीची पट्टी, पट्टीशेजारी एक मुलगा. त्याने हसून तिला पट्टीशी उभं केलं आणि मान हलवली. तिने टाचा उचलल्या. त्याने पुन्हा मान हलवली. मग जे रडं सुरू झालं ते माझ्या पोटात गेलं. आठवडाभर सांगून ठेवलेलं सगळं वाया. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "आता मी आणि तू मिळून दोन मीटर सत्तर." ती रडतरडत हसली. त्या मुलानेही बोटाने बरोबर रस्ता दाखवला, लहान मुलांचे पाळणे पुढे डावीकडे.

माझा सल्ला, लहान मूल असेल तर मोठ्या पाळण्यांच्या रस्त्याने जाऊच नका. दारात नकाशा असतो. आधी थेट छोट्यांच्या भागात जा. सहलीची मुलं मोठी होती, ती सगळी तिकडे धावली आणि छोट्या पाळण्यांवर रांगच नव्हती. चिऊ घोड्यांच्या चक्रावर सलग सात वेळा बसली. सातव्या वेळी तो चालवणारा दादा तिला नावाने हाक मारायला लागला होता. लहानग्यांच्या रेल्वेत मीही बसले, गुडघे कानाशी. एवढ्या वेळात प्राजू रिकॉइलवर जाऊन आली, चेहरा पांढरा, आणि "परत जायचं" म्हणाली. नवरा एकदाच बसला. उतरल्यावर दहा मिनिटं बाकावर डोळे मिटून होता. रोज वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा माणूस!

दुपारी पाण्याचा भाग. लॉकर भाड्याने घेतला, चौघांचं सामान एकात बसतं, दोन घेऊ नका. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की सगळे किंचाळतात आणि लाटा सुरू होतात. चिऊ गुडघाभर पाण्यात माझ्या कमरेला मिठी मारून उभी. पहिल्या लाटेला तिने श्वास धरला, दुसरीला डोळे उघडले, तिसरीला हात सोडला. मी मात्र तिचा हात सोडला नाही. पाऊण तासाने तिचे ओठ निळसर झाले. फेब्रुवारीत ऊन कडक असतं खरं, पण पाणी गारच. मोठ्यांना ते कळत नाही, पोरं सांगत नाहीत. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून उन्हात बसवा, आणि एक जाड टॉवेल जास्तीचा न्या. आम्ही दोनच नेले होते आणि दोन्ही साडेतीनपर्यंत ओले. रेन डिस्कोत गाणी आणि वरून पाऊस. तिथे नवराबायकोंनी नाचायचं असतं म्हणे. आम्ही नाचलो नाही, खरं हललो थोडं. लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदाच.

जेवण आतच, चौघांचे ९०० रुपये. भात-सांबार घेतलं तर स्वस्त पडतं. चिऊला आइस्क्रीम एकच, हे सकाळीच ठरवून घेतलं होतं आणि तिने ते पाळलं. उलट मीच दुसरं घेणार होते.

पावणेसातला बाहेर पडलो. दारातच मेसेज आला. तेव्हा गाडी सुटायच्या चार तास आधी चार्ट व्हायचा. राणी चन्नम्मा अकराच्या सुमारास सुटते. आमची चारही नावं प्रतीक्षायादीतच राहिली होती. ऑनलाइन काढलेलं असं तिकीट आपोआप रद्द होतं, पैसे माणशी ६० रुपये कापून परत येतात. पैशाचं दुःख नव्हतं. ओले कपडे, अंगात आलेली थंडी, खांद्यावर झोपलेली पोर, आणि समोर ५०० किलोमीटर. नवरा माझ्याकडे बघेना. मी त्याच्याकडे बघेना. महिनाभर "होईल, होईल" मीच म्हणत होते.

प्राजू म्हणाली, "वहिनी, मॅजेस्टिकवरून साध्या बसा असतात की. आपल्या दोघींना तर शून्य."

मॅजेस्टिकला, म्हणजे बेंगळूरच्या मोठ्या बसस्टँडला, पोचायला नऊ वाजले. बेळगावची साधी बस पावणेदहाला होती. खिडकीची सीट मिळाली, पाठ मागे न झुकणारी. कंडक्टर धारवाडकडचा वाटला. दोघींची कार्डं बघितली, दोन शून्याची तिकिटं दिली. नवऱ्याचे सातशेच्या आसपास गेले. ५ जानेवारीपासून बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं होतं, त्याचा हिशोब तो तुमकूर येईपर्यंत करत होता. मग कंडक्टरने चिऊकडे बघून विचारलं, "मगुगे एष्टु वर्ष?" मी तोंड उघडायच्या आधी तिने अर्धवट झोपेत पंजा दाखवला, "ऐदु." शाळेत शिकलेली. सहाच्या आत, तिकीट नाही.

चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी. मांडीवर तिचं डोकं, माझे पाय मुंग्यांनी भरलेले. फुकट आहे म्हणून लहान मुलाला घेऊन साध्या बसने रात्रभर जा, असं मी कुणाला सांगणार नाही. मधे दोनदा उतरून चालावं लागलं, चिऊला एकदा उलटी झाली, प्लॅस्टिकच्या पिशव्या जवळ होत्या म्हणून निभावलं. खरं जर ते कार्ड चंदगडच्या पत्त्याचं असतं तर त्या रात्री माझेही सातशे गेले असते. त्या दोनदा भरलेल्या ५० रुपयांचं मला पहाटे धारवाडला बरं वाटलं.

आठला बेळगाव. घरी येऊन वही काढली. कार्डाचे दीडशे आणि कापलेले पैसे धरून सगळे मिळून साडेदहा हजार. भिशीतले दीड हजार उरले. त्यातले पाचशे टॉवेलांवर घालवणार आहे.

सासूबाईंनी विचारलं, काय काय पाहिलं? चिऊ म्हणाली, घोडे, लाटा, आणि आपोआप उघडणारं दार. मग चौकटीशी जाऊन उभी राहिली. मोजलं. १०४च. एका दिवसात कशी वाढेल? जूनमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा १०६ भरली, दुसरी रेघ मारली.

पाच वर्षं झाल्यावर मुलांचं निळं आधार बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करायचं असतं. या वयात ते फुकट असतं. चिऊचं अजून राहिलंय. पोस्टातल्या केंद्रात शनिवारी सकाळी लवकर गेलं की टोकन मिळतं म्हणतात.